इंदिरानगरची ओळखपरेड

काडी जातीची कारवानी. कर्नाटकात हिला मुधोळ हाउंड म्हणतात, घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानावरून. आमच्या जतकडे मात्र ती मेंढरांमागे चालणारी साधी कारवानी. लांबुळकं तोंड, आत गेलेलं पोट, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. बेंगळुरूत रस्त्यावर भेटणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी विचारतो, "हिला खायला घालता ना?" काडी हे नाव तिला आपोआप पडलं.

मला मात्र वेगळीच काळजी होती. इंदिरानगरात कुत्र्यांच्या दोन वस्त्या आहेत. गेटच्या आतली वस्ती हस्की, बीगल, लॅब्राडोर, शिह त्झू यांची. बाहेरची वस्ती गल्लीतल्यांची; त्यांतल्या बहुतेकांच्या कानाला नसबंदी झाल्याची खाच. एकाचं तोंड चपटं, दुसऱ्याचं हातभर लांब. एकाच्या अंगावर केसांची गोधडी, तर आमची बाई जवळजवळ उघडीच. जतच्या माळावर आपल्यासारखीच कुत्री बघत वाढलेल्या काडीला ही सगळी मंडळी आपल्यातली वाटणार तरी कशी?

हा प्रश्न तिने फार लवकर निकालात काढला. पहाटे डिफेन्स कॉलनीतून फिरताना रस्त्याच्या पार टोकाला एखादा आकार दिसला की ती थांबते. कान पुढे, शेपूट अर्ध्यावर, एक पुढचा पाय किंचित उचललेला. मांजर दिसलं की वेगळा पवित्रा, गाय दिसली की पवित्राच नाही. हा खास थांबा फक्त कुत्र्यासाठी. मग तो शिह त्झू का असेना, ज्याला लांबून बघून मला उशी पडल्यासारखी वाटते.

हे नुसतं माझं कौतुक नव्हे. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ९ पाळीव कुत्र्यांना पडद्यावर नाना जातींच्या कुत्र्यांचे आणि इतर प्राण्यांचे, माणसांचेही, चेहरे दाखवले. वास नाही, आवाज नाही, हालचाल नाही. तरी कुत्र्यांचे चेहरे एका गटात टाकायला ती कुत्री शिकली. थोडक्यात, 'हा आपल्यातला' एवढं डोळ्यांना कळतं. पण कुत्र्याचं काम तेवढ्यावर भागत नाही, हे मला एका पुतळ्यापाशी समजलं.

ट्वेल्थ मेनच्या बाजूला एका कॅफेबाहेर फायबरचा डॅल्मेशियन उभा असायचा, खऱ्या मापाचा. काडीने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोच थांबा घेतला. मग सरळ न जाता अर्धगोल घेत, मान थोडी वळवून, ती त्याच्या बाजूला पोचली. आधी तोंडापाशी हुंगलं, मग शेपटीखाली. तिथे रंगाशिवाय काहीच नसणार. तिचं अंग लगेच सैल पडलं, पुतळा तिच्या हिशेबातून बाद झाला. पण निघता निघता ती त्याच्या मागच्या पायाशी अडकली आणि तिथे बराच वेळ नाक लावून उभी राहिली. त्या पायावर परिसरातल्या यच्चयावत नरांनी तंगडी वर केलेली होती. पुतळा खोटा असला तरी त्याच्या पायावरचा मजकूर खरा होता.

हंड्रेड फीट रोडवरच्या शोरूमच्या काचांमध्येही असंच होतं. काचेत एक कारवानी तिच्या बरोबरीने चालत असते. पिल्लू असताना ती त्या कारवानीपाशी थांबली होती, काच हुंगली आणि पुढे झाली. आता वळूनही बघत नाही. आरशात स्वतःला ओळखणं ही हुशारीची कसोटी मानली, तर कुत्री नापास. पण कसोटी नाकाची घेतली तर? अमेरिकेत बोल्डर गावी मार्क बेकॉफ यांनी पाच हिवाळे आपल्या जेथ्रो या कुत्र्यामागे फिरून मूत पडलेला बर्फ इकडून तिकडे हलवला. जेथ्रो स्वतःच्या मुतापाशी थोडाच वेळ थांबे, दुसऱ्याच्या मुतापाशी जास्त. हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१७ मध्ये आणखी एक पायरी चढून दाखवली: स्वतःच्याच वासात दुसरा वास मिसळला, तर कुत्री त्याच्यापाशी अधिक रेंगाळतात. 'हे माझंच, पण काहीतरी बदललंय' असं काहीतरी त्यांच्या नाकाला जाणवत असावं.

आमच्या गल्लीचा कारभार केंचाकडे आहे. तांबूस रंग, एक कान तुटका. नाव ठेवलं कोपऱ्यावरच्या अक्कांनी. त्या रोज संध्याकाळी दहीभात कालवून आणतात. केंचा आणि करिया हे दोघे त्यांचे नेहमीचे पंगतीतले. नव्याने आलो तेव्हा केंचा आम्हाला गल्लीच्या तोंडाशीच अडवायचा. मी पट्टा आखडून धरायची, काडीची मान वर ओढली जायची, छाती पुढे यायची आणि दोन्हीकडून गोंधळ सुरू व्हायचा. अक्का पायरीवरून बघत होत्या. एकदा म्हणाल्या, "मॅडम, समोरून आणू नका तिला. त्या गाडीच्या बाजूने आणा. आणि दोरी सोडा सैल, त्यांचं त्यांना बोलू द्या."

त्यांनी सांगितलं त्यात शास्त्र होतं. अनोळखी कुत्र्याच्या सरळ अंगावर चालून जाणं, डोळ्याला डोळा देणं, ताठ उभं राहणं हा कुत्र्यांमध्ये दमच असतो. पट्टा ताणला की आपल्या हातून नेमका तोच आविर्भाव काडीच्या अंगावर येतो. तिच्या मनात काहीही असो, समोरच्याला दिसते ती ताठ मान.

पट्टा सैल सुटल्यावर जे घडलं ते बघत राहण्यासारखं होतं. काडीने उभ्या गाडीला वळसा घातला आणि जमीन हुंगायचं निमित्त केलं. केंचाने तोंड दुसरीकडे फिरवलं, पण नजरेचा कोपरा इकडेच. दोघे एकमेकांच्या कुशीला कूस लावून उलट दिशांनी उभे राहिले. केंचा आधी मागे गेला, काडी दगडासारखी स्तब्ध. मग तिची पाळी, आणि तो स्तब्ध. शेपटीखालच्या ग्रंथींचा वास प्रत्येकाचा वेगळा. त्यातून आणि मुतातून नर की मादी, माजावर आहे का, आधी भेटलेला का, असं बरंच काही कळतं. चौकशी संपल्यावर काडीने अंग झटकलं आणि पुढचे पाय पसरून कंबर वर धरली. कुत्र्यांच्या भाषेत हे खेळायचं आमंत्रण. केंचाने ते स्वीकारलं नाही. पोक्त माणूस आहे तो. पण त्याने आमचा रस्ता सोडला.

या सगळ्यात शेपटीचं काम मोठं. इटलीतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की उजवीकडे अधिक झुकत हलणारी शेपूट पडद्यावर पाहून कुत्री निवांत राहतात आणि डावीकडे झुकणारी पाहून त्यांच्या काळजाचे ठोके वाढतात. कॅनडात त्याआधी, २००८ मध्ये, यंत्राने शेपूट हलवणारा कुत्र्याचा पुतळाच बनवला गेला. शेपूट लांब असेल तर ती हलते की थांबलेली आहे यावर येणाऱ्या कुत्र्यांचं वागणं बदले. शेपूट आखूड असेल तर हलण्या-न हलण्याने काही फरक पडेना. आमच्या इमारतीतला बॉक्सर पिल्लूपणीच शेपूट छाटलेला. स्वभावाने देवमाणूस, पण बाहेर पडला की गल्लीतली कुत्री त्याच्यावरच आधी गुरकावतात. बिचारा कुल्ल्यापासून सगळं अंग हलवतो, तरी हातभर अंतरावरून ते बाकीच्यांना नीट वाचता येत नसावं. छाटताना माणसाला फक्त शोभा दिसली.

मे महिन्यात काडीला घेऊन मी जतला गेले होते. परतलो तेव्हा पावसाने रस्ता धुऊन निघाला होता, अंधार पडत आला होता. केंचा लांबूनच भुंकत सुटला. डोळ्यांनी त्याला एवढंच कळलं होतं की एक उंच कुत्रा गल्लीत शिरतोय. काडीने नेहमीचा अर्धगोल घेतला. वारा आमच्या पाठीकडून होता. भुंकता भुंकता केंचाचं नाक हललं आणि शेवटचं भुंकणं अर्ध्यावरच तुटलं. ताठ शेपूट खाली आली, मग सबंध अंगच वळवळायला लागलं. ओळख पटताना असं डोळ्यांदेखत दिसतं, हे मला माणसांत फारसं बघायला मिळालेलं नाही.

आता आमच्या सोसायटीत अधूनमधून गल्लीतली कुत्री उचलून नेण्याची मागणी होते. लहान मुलं घाबरतात, ही तक्रार खरी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही. पण २०२३ चे नियम सांगतात की नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ रोजी, रेबीजची लागण झालेले आणि आक्रमक कुत्रे वगळून, हेच सांगितलं. केंचा-काडीची भेट पाहिल्यापासून मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. केंचाला उचललं तर गल्ली रिकामी राहणार नाही, अक्कांचा दहीभात आणि कोपऱ्यावरचा कचरा तिथेच आहे. दुसरा कोणीतरी येईल. त्याला काडी अनोळखी, बॉक्सर अनोळखी, दूधवाला आणि शाळेला निघालेली पोरंही अनोळखी. सगळी ओळखपरेड पहिल्यापासून घ्यावी लागेल, आणि ती होईपर्यंत भुंकणं, भांडणं, पट्टे आखडणं चालू राहील. मागच्या बैठकीत मी एवढंच सुचवलं: केंचाची लस वेळेवर होते की नाही हे बघायची जबाबदारी सोसायटीने घ्यावी, आणि पट्टा सैल कसा धरायचा हे नव्या कुत्रेवाल्यांना अक्कांनी शिकवावं. पहिलं मंजूर झालं. दुसऱ्यासाठी अक्कांनी अट घातली आहे, की लोकांनी आधी त्यांच्या दहीभाताच्या भांड्यावरून कुरकुर करणं थांबवावं.