घोडीचे कान

पौषी पुनव जवळ आली की आमच्या अण्णांचं घरात लक्ष लागायचं नाही. अण्णा म्हणजे माझे आजोबा. त्या पुनवेला नागापूरच्या थापलिंगावर खंडोबाची यात्रा भरते आणि बैलगाडे पळतात. आंबेगाव, जुन्नर, खेड या भागातल्या गाडामालकांना कुणाचं दावं यंदा भारी आहे ते पहिल्यांदा तिथं दिसतं. पुढं माघात निमगावचा खंडोबा, आणि मग चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा. खरी इज्जत चैत्रातली. पौष-माघातलं पळणं म्हणजे नुसता अंदाज घेणं. पण तो अंदाज बांधायला तालुक्यात अण्णांसारखा माणूस नव्हता, असं म्हातारी माणसं अजून म्हणतात. मी नातू आहे, मी म्हणणारच.

ज्यांनी आमच्याकडचा गाडा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सातारा-सांगलीकडं सपाट मैदानात छकड्या एकमेकींशी शर्यत करतात, तसं आमच्याकडं नसतं. आमच्याकडं घाट असतो. घाट म्हणजे चढाची, दोन्ही बाजूंनी माणसांनी गच्च भरलेली पट्टी. एका वेळी एकच गाडा सुटतो, त्याला बारी म्हणतात. गाड्याला चार बैल. मागची जोडी धुरेला, पुढची कांडाला. गाड्यावर कुणी बसत नाही. बैलांना वाट दाखवायला पुढं एक घोडी पळते आणि तिच्यावर एक हलका पोरगा बसलेला असतो. यालाच बारीपुढं घोडी धरणं म्हणतात. खालून गाडा सुटला की वर निशाण पडेपर्यंत किती सेकंद लागले त्यावर सगळं ठरतं. बारा सेकंदांच्या आत-बाहेर खेळ. ठरलेल्या वेळेत जेवढे गाडे येतील ते सगळे पहिल्या नंबरात बसतात आणि इनाम वाटून घेतात. त्या वेळेत सगळ्यांत आधी बसणारा तो फळीफोड, आणि सगळ्यांत कमी वेळ ज्याचा, तो घाटाचा राजा.

अण्णांना लिहिता-वाचता येत नव्हतं. थापलिंगाला जाताना ते मला बरोबर घ्यायचे. मी शाळेच्या वहीत प्रत्येक बारीचे सेकंद लिहायचो आणि संध्याकाळी मोठ्या रुबाबात वाचून दाखवायचो. अण्णा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "आकडं राहू दे. बैल वर गेल्यावर काय करत व्हता ते सांग." ते मला सांगता यायचं नाही, कारण निशाण पडलं की माझं डोकं वहीत असायचं. अण्णांचं बघणं निशाण पडल्यावर सुरू व्हायचं. वर पोरांनी बैल धरले की त्यांच्या बरगड्या किती वेळ हलतात, पुढच्या दोन बाऱ्या होईपर्यंत बैल शांत होतो की नाही, उतरताना कुठला पाय जपून टाकतो, शेण घट्ट आहे की पातळ, हे सगळं ते मुकाट्यानं बघायचे.

पौषात जमीन दवानं मऊ असते, हवेत गारवा असतो, सुगीमुळं गर्दी बेताची असते. चैत्रात तोच घाट तव्यासारखा तापतो, माती दगडासारखी होते, आणि चिठ्ठीत दुपारची बारी आली तर बैलाच्या तोंडाला फेस येतो. म्हणून पौषात सगळ्यांत जोरात पळालेला गाडा चैत्रात पुढं असेलच असं नाही. उलट दिवाळीपासून उडीद, दूध, अंडी चारून चकचकीत केलेलं दावं पौषातच पिकून जातं, असं अण्णांचं मत होतं. "आंबा पौषात पिकला तर आढीत काय घालशील?" असं ते विचारायचे.

मी सांगतोय ते 1996 सालचं. मी तेरा वर्षांचा होतो, अंगानं किडमिडा, आणि आदल्या वर्षापासून आमच्या गाड्यापुढं घोडी धरत होतो. गाडा मेळातला होता. चार घरांचे चार बैल. कांडाला डाव्या अंगाला पळायचा तो आमचा हरण्या, कोसा खिलार, नुकताच चौसा झालेला. घोडीही आमचीच, चंद्री. अण्णांनी ती बऱ्याच वर्षांपूर्वी दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याला, तापीकाठी जाऊन आणली होती. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, मानेवर देवमण. मी चालायला शिकलो ते तिच्या पायांत, असं आई सांगते. खोगीर नसायचं. पाठीवर गोधडीची घडी, आणि मांड घट्ट.

त्या पौषात आमची बारी चांगली झाली. दादा, म्हणजे माझे वडील, हरखून गेले होते. रात्री पारावर माणसं जमली आणि नेहमीसारखी अण्णांना विचारू लागली, यंदा कोण?

अण्णांनी तंबाखू मळली. आधी नदीपलीकडच्या पाटलांच्या गाड्याचं काढलं. त्या दिवशी सगळ्यांत कमी वेळ त्यांचाच होता. "चैत्रात दिसायचा नाय," अण्णा म्हणाले. "धुरेचा उजवा वर गेल्यावर किती येळ धापत व्हता बघितला का? पोटाला भाता लावल्यागत." मग माळवाडीचा गाडा. तो पुरा सेकंद-सव्वा सेकंद मागं होता, कुणी त्याचं नाव घेत नव्हतं. "त्येच्यावर नजर ठेवा. कांडाचं पोर नुसतं दुसा हाय. पळतापळता गर्दी बघतंय. माघात त्येची गर्दीची भीड मोडंल, मंग बघा."

"आन आपला?" कुणीतरी विचारलं.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपला पहिल्यात बसंल. पर घोडी बदलल्याबिगर जुपू नका."

माणसं हसली. दादा हसले नाहीत. चारचौघांत बापानं आपल्या दावणीत खोड काढली याचा त्यांना राग आला. घरी येऊन ते म्हणाले, "अण्णा, घोडी काय फुकट येती व्हय? कांदा अजून रोपात हाय. तुमी बोलून मोकळं व्हता."

अण्णांनी एवढंच सांगितलं, "घोडी खुशीत पळती तवा कान पुढं ठिवती. चंद्रीनं अर्ध्या घाटातच कान मागं पाडलं. तिला मागचं भ्या वाटाया लागलंय. हरण्या तिच्यापरास चढ झालाय."

मी अंथरुणात जागा होतो. अण्णा म्हणाले ते खरं होतं, हे मला त्या घरात सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. अर्ध्या घाटात हरण्याचा श्वास माझ्या टाचेला लागला होता. गरम, ओला. पण मी ते सांगितलं नाही. नवी घोडी आली तर तिच्याबरोबर तिच्या सवयीचा पोरगा येईल, आणि मला पुन्हा वही घेऊन काठावर बसावं लागेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. घोडीवरून घाट चढताना दोन्ही बाजूंनी जो आरडाओरडा होतो तो तेराव्या वर्षी ज्यानं ऐकला नाही त्याला हे कळणार नाही.

माघात निमगावला गेलो. तिथला घाट नावाजलेला, माणूस मावत नव्हता. माळवाडीच्या दुशानं त्या दिवशी गर्दीकडं ढुंकून पाहिलं नाही आणि पाटलांच्या गाड्याबरोबर येऊन बसला. आमचीही बारी झाली. वर पोचायच्या आधी काहीतरी माझ्या उजव्या पोटरीला घासून गेलं. उतरल्यावर बघितलं तर विजार टरकलेली, आत बोटभर ओरखडा. हरण्याचं शिंग. मी टाक्यावर जाऊन पाय धुतला आणि विजार दुमडून वर घेतली. दादांनी विचारलं, "कसं वाटतंय रं घोडीवर?" मी म्हणालो, "काय नाय. निवांत."

चैत्रात आमच्या गावची जत्रा. अण्णा त्या वर्षी घाटावर आलेच नाहीत, देवळाच्या ओवरीत बसून राहिले. चिठ्ठीत आमची बारी दुपारी बाराच्या सुमाराला निघाली. खाली जुपणीला बैल उधळत होते. त्या काळी जुपणीला चाबूक असायचा, टोचणी असायची, आणि पुढंपुढं काही ठिकाणी बॅटरीचे चटकेही निघाले. हे आमच्या लोकांना लिहिलेलं आवडत नाही, पण होतं ते होतं.

गाडा सुटला. मला फार थोडं आठवतं. पुकारणाऱ्याचं ते लांबलचक भिर्रर्र, चंद्रीचे मानेला चिकटलेले कान, आणि निशाणाच्या अलीकडं तिचे मागचे पाय एकदम माझ्याखालून निघून गेल्यासारखं वाटलं. मी बाजूच्या माणसांत जाऊन पडलो. खांद्याचं हाड मोडलं. चंद्री मधेच पडली आणि चार बैल आणि गाडा तिच्यावरून गेला. निशाण पडलं होतं. बारी बाराच्या आत झाली होती, आम्ही फळीफोड होतो. कर्ण्यावर आमच्या दादांचं नाव पुकारत होते आणि गुलाल उधळत होते. ज्यांना खाली काय झालं ते दिसत नव्हतं, ते नाचत होते.

चंद्रीचा पुढचा पाय गुडघ्याखाली मोडला होता. तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले, बघून मान हलवली. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. तीन दिवस अण्णा तिच्या डोक्याशी बसून होते. दादांना एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर दादांना बरं वाटलं असतं असं मला आता वाटतं. पहिल्या नंबरात एकोणीस गाडे बसले, इनाम वाटून वाट्याला आलं ते मेळातल्या चार घरांत पुन्हा वाटलं. फळीफोडची पितळी घागर तेवढी आमच्याकडं आली. आईनं ती माळ्यावर टाकली, तिच्यात कधी पाणी भरलं नाही. हरण्याला दादांनी विकलं नाही. पुढची दोन वर्षं दुसऱ्याच्या घोडीमागं पळवला, मग बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात दिला.

माळवाडीचा गाडा त्या वैशाखात दोन घाटांचा राजा झाला. पाटलांचा दुसऱ्या नंबरात घसरला. अण्णांचं सगळं खरं ठरलं आणि त्यानंतर पारावर कुणी विचारलं तरी त्यांनी कुठल्या गाड्याचं नाव सांगितलं नाही.

ज्येष्ठात माझा गळ्यातला हात सुटला. पहिला पाऊस पडून गेला होता. अण्णा बांधावर बसले होते. मी जाऊन त्यांना निमगावच्या ओरखड्याचं सांगितलं. सांगताना मला रडू फुटलं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "तुज्या विजारीला रगात व्हतं."

"मंग तुमी दादांना का नाय सांगितलं?"

ते जमिनीकडं बघत राहिले. "तू सांगशील म्हून थांबलो," ते म्हणाले. "थांबायचं नव्हतं."

अण्णा जाऊन आता वीस वर्षं उलटली. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली तेव्हा गावात चूल पेटली नाही असं म्हणतात. ते अतिशयोक्त आहे, पण दावणी रिकाम्या झाल्या हे खरं. बाजारात खिलार खोंडांना गिऱ्हाईक राहिलं नाही. ज्यांनी पोटच्या पोरासारखे बैल सांभाळले त्यांचे डोळे मी पाहिलेत. तरी सगळ्यांसारखा संताप मला येईना. मी मोर्च्यालाही गेलो आणि घरी येऊन चंद्रीही आठवली. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू? 16 डिसेंबर 2021 ला न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली, आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या 2022 च्या माघात खासदार अमोल कोल्हे यांनी निमगावच्या घाटात बारीपुढं घोडी धरली, तेव्हा आमच्या घरातली पोरं मोबाईल घेऊन नाचत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. दादा तिथंच बसले होते.

आता धाकट्या भावाचा मुलगा घोडी धरतो. एकोणीस वर्षांचा आहे, ऐकत नाही. गेल्या पौषात त्याच्याबरोबर थापलिंगाला गेलो. सेकंदाचा शंभरावा भाग फलकावर लाल आकड्यांत उमटतो, बाऱ्या मोबाईलवर घरबसल्या दिसतात, आणि यंदा कोणता गाडा चालणार यावर पोरं आदल्या रात्रीपासून वाद घालत असतात. आकडे त्यांना तोंडपाठ. मला एकानं विचारलं, "आप्पा, तुमचा अंदाज काय?" मी म्हणालो, बघू दे. आणि सकाळभर मी एकाही बैलाकडं पाहिलं नाही. बारीमागून बारी नुसते घोड्यांचे कान बघत राहिलो. चार-पाच जणींनी मागं पाडले होते. त्यातल्या दोन घोडीवाल्यांना मी शोधून काढून सांगितलं. एकानं ऐकून घेतलं, दुसऱ्यानं माझ्याकडं येडा म्हातारा म्हणून पाहिलं.

आमच्या पोराच्या घोडीचे कान वरपर्यंत पुढं होते. तरी तो खाली आल्यावर मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "विजार वर कर."

"आप्पा, काय हे? लोक बघतायत."

"कर म्हणतो ना."

त्यानं हसत दोन्ही पाय दाखवले. मी आधी उजवी पोटरी बघितली, मग डावी, आणि मग त्याला चहा पाजायला घेऊन गेलो.