जातिवंताची लंगडी

'जातिवंत' हे मराठीतले मोठे मानाचे विशेषण. घोडा जातिवंत असतो, आंबा जातिवंत असतो. क्वचित एखाद्या लेखकालाही आपण तो मान देतो. शुद्ध कुळ आणि उत्तम गुण या दोन गोष्टी या शब्दाने इतक्या घट्ट बांधल्या आहेत की, पहिलीतून दुसरी आपोआप निपजते असे वाटू लागते. ही गाठ किती कच्ची आहे, हे मला एका कुत्रीच्या गुडघ्याने दाखवले.

पेणला आमच्या शेजारी एक पॉमेरियन आहे. आमच्याकडे कोणत्याही पांढऱ्या केसाळ कुत्र्याला 'पॉमेरियन' म्हणण्याची रीत आहे. १९९४च्या 'हम आपके हैं कौन'मधल्या टफीचे हे भाऊबंद बहुधा इंडियन स्पिट्झ असतात. ही मात्र खरोखरीच चिमुकली, जेमतेम अडीच किलोची, मुंबईहून कागदपत्रांसह आणलेली. चालता चालता ती मागचा एक पाय उचलते, तीन-चार पावले लंगडी घालते, पाय मागे ताणून झटकते आणि काही घडलेच नाही अशा थाटात पुढे धावते. गल्लीतली मुले टाळ्या पिटतात. मोठी माणसे कौतुकाने त्याला नाच म्हणतात. गावातल्या पशुवैद्यांनी अंगठ्याने गुडघा चाचपला आणि म्हणाले, "हा नाच नव्हे. वाटी सरकते आहे."

गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या टोकाशी असलेल्या खोबणीत वरखाली सरकते, कप्पीतल्या दोरासारखी. वर मांडीचे स्नायू तिला ओढतात. खाली तिचा बंध नडगीच्या हाडाला जखडलेला असतो. ही सारी ओढ एका रेषेत असावी लागते. मांडीचे हाड बाकदार असेल, नडगी पिळलेली असेल, तर रेषा मोडते आणि वाटी खोबणीतून निसटते; लहान जातींत बहुधा आतल्या बाजूला. गंमत अशी की, खोबण खोल होते तीही वाढत्या वयात वाटीच्या दाबामुळेच. वाटी जागेवर नसली की खोबण उथळ राहते, आणि खोबण उथळ म्हणून वाटी आणखी सरकते. वैद्यक याच्या चार पायऱ्या मानते. पहिलीत वाटी दाबल्यावरच हलते आणि स्वतःहून परतते. दुसरीत ती चालताना आपोआप सरकते व परतते. तिसरीत बहुतेक वेळ बाहेरच असते, हाताने बसवावी लागते. चौथीत ती बसवताही येत नाही. शेजारची कुत्री दुसरीवर आहे.

हे आले कोठून? पॉमेरियनचे पूर्वज उत्तरेकडच्या थंड मुलखातले, चांगले दणकट. १८८८ साली व्हिक्टोरिया राणीने इटलीतून लहान चणीचा एक कुत्रा आणला आणि लहानपणाची हौस वाढत गेली. पेणच्या कारखान्यांत तीच गणेशमूर्ती वीतभर आणि पुरुषभर अशा दोन्ही मापांत घडते, कारण शाडूची माती कारागिराचे प्रमाण निमूट मानते. हाड मानत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लहानातल्या लहानाचा जोडा लहानाशीच लावायचा, तोही मोजक्या कुळांतच, म्हणजे आकाराबरोबर रक्तातले दोषही साठवत जायचे. पॉमेरियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर या साऱ्यांत ही व्याधी वारंवार आढळते, ती उगीच नव्हे.

उपाय आहेत. वजन आटोक्यात ठेवणे, गुळगुळीत लादीवर सतरंजी अंथरणे, सोफ्यावरून उड्या मारू न देणे. आणि दुखणे वाढल्यास शस्त्रक्रिया, जिच्यात खोबण खोल करतात आणि नडगीवरचा उंचवटा सरकवून ओढीची रेषा सरळ करतात. पशुवैद्यांनी आणखी एक गोष्ट बजावून सांगितली : हिची पिल्ले घेऊ नका. दोष रक्तातून उतरतो. पिल्लू जन्मतः धड दिसते, वाढत्या हाडांबरोबर तो उघडा पडतो.

पेच येथेच आहे. रोह्याच्या एका गृहस्थांकडे तसाच चिमुकला, तसाच कागदपत्रांचा नर आहे. मी रोज रोह्याला शिकवायला जातो, म्हणून निरोपांची ने-आण माझ्याकडे आली. पशुवैद्यांचे म्हणणे मी त्यांना सविस्तर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, ते सगळं खरं. पण पिल्लं जातिवंत होतील."

त्यांच्या बोलण्यात लोभ नव्हता. भाषेवरचा विश्वास होता. असा विश्वास पुराव्याने सहसा ढळत नाही. शेजाऱ्यांनी अजून होकार दिलेला नाही, नकारही नाही. कुत्रीचा पुढचा माज येईपर्यंत वेळ आहे. गल्लीतली गावठी कुत्री मात्र उकिरड्यावरून बिनघोर उड्या मारतात. त्यांच्या दुःखांची यादी वेगळी आणि लांब आहे, पण गुडघ्याची वाटी तीत सहसा नसते. त्यांची कुळे कोणी जपली नाहीत, एवढी एक गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली आहे.