आमरीचे नवे बिऱ्हाड

रिसोडच्या परिसरातील माणसाला आपल्या काळ्या मातीचा मोठा अभिमान वाटतो, आणि तो अनाठायी नाही. पैनगंगेच्या खोऱ्यातील ही चिकण, ओल धरून ठेवणारी जमीन तूर, कापूस व सोयाबीन कशी पोसते, हे तेथील मुलांना लहानपणापासून ठाऊक असते. म्हणूनच एका वर्षी वळवाच्या वादळात जुन्या आंब्याची फांदी मोडली आणि तिच्याबरोबर आमरीचे एक रोप खाली आले, तेव्हा घरच्या नातीने ते उचलून मोठ्या मायेने काळ्या मातीच्या कुंडीत लावले. सकाळ-संध्याकाळ ती त्याला पाणी घाली. महिन्याभरात पाने सुरकुतली. तिने पाणी वाढवले; पाने अधिकच मलूल झाली.

आमरी म्हणजेच ऑर्किड. वऱ्हाडातील आंब्यांवर आढळणाऱ्या या आमरीला शास्त्रज्ञ ‘वांडा’ म्हणतात. संस्कृतातील ‘वंदा’ या शब्दावरून ते नाव आले, आणि तो शब्द बांडगुळालाही लावला जाई. नावापासूनच तिच्यावर अन्याय! बांडगूळ झाडाच्या अंगात मुळे खुपसून त्याचा रस शोषते. आमरी आंब्याकडे केवळ आसऱ्याला येते. अन्नपाणी तिचे ती मिळवते. तिची काही मुळे सालीला बिलगतात, काही हवेतच लोंबत राहतात. त्यांच्यावरील पांढुरके, सच्छिद्र आवरण पावसाचे पाणी टिपून घेते आणि वारा लागताच सुकते. अशी मुळे चिकण मातीत पुरणे म्हणजे त्यांचा श्वास कोंडणेच होय.

ही चूक जाणत्या माळ्यांनीही केली आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील धनिकांनी उष्ण प्रदेशांतून हजारो आमरी नेल्या. पुष्कळशा कोंदट, तापवलेल्या काचघरांत मेल्या. चॅट्सवर्थचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने काचघरांत वारा खेळता ठेवला, तेव्हा त्या जगू लागल्या. त्याच बागेतून १८३५ साली जॉन गिब्सन हा तरुण माळी भारताकडे निघाला व पुढे खासी टेकड्यांतील आमरी घेऊन गेला.

रिसोडच्या त्या घरी काचघर नव्हते, आजी होती.

“आजी, हे मरणार का गं?”

“मुळं पाहिल्याशिवाय कसं सांगू, बाई?”

आजीने कुंडी आडवी करून रोप बाहेर काढले आणि बादलीतील पाण्यात माती हळूहळू सुटू दिली. मग एकेक मूळ तिने चिमटीत धरले. जिवंत मूळ हाताला टणक लागे. कुजलेल्याचे आवरण सरकन निघून येई आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरे. नऊ मुळांपैकी सहा कुजली होती.

“सगळी कापायची?” नातीचा आवाज कापरा झाला.

“ठेवली तर चांगल्यांनाही लागेल ती कीड.”

ज्योतीवर तापवून निववलेल्या सुरीने आजीने सहाही मुळे छाटली व त्या जागी हळद लावली. ज्या कुंडीच्या अंगाला भोके होती, तीच तिने निवडली. तळाशी विटेचे आणि लाकडी कोळशाचे धुतलेले तुकडे, वर नारळाच्या शेंडीचे जाड तुकडे. मातीची चिमूटही नाही. बुंधा उघडा ठेवला, आणि तीन मुळांवर रोप तोल कसा सांभाळणार, म्हणून त्याला सुती चिंधीने काठीशी बांधले. नारळाची शेंडी दोन-तीन वर्षांत कुजते. तेव्हा हे बिऱ्हाड पुन्हा हलवावेच लागते, आणि त्यासाठी फुले ओसरून नवी मुळे फुटू लागण्याचा समय उत्तम.

चार दिवस पाणी बंद. नातीला हीच शिक्षा सर्वांत कठीण गेली. पुढे रोज सकाळी नुसता शिडकावा आणि ओसरीची सावली.

सुरकुतलेली पाने काही पूर्ववत झाली नाहीत. दोन तर गळूनच पडली. भाद्रपदात एका सकाळी मात्र नातीला बुंध्याशी तांदळाच्या दाण्याएवढे हिरवे टोक दिसले. हातातला तांब्या तसाच खाली ठेवून तिने आजीला हाक मारली.