आपल्याच देशात परकी गाडी

माझा भाचा हैदराबादेत एसी दुरुस्तीचं काम करायचा. तिथंच हप्त्यावर मोटारसायकल घेतली. दुलाभाईंची तब्येत ढासळली, तसा तो गाडी घेऊन मुलचेऱ्याला परतला. आता त्या गाडीचे दिवस मोजतोय.

1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 47 सांगतं की, दुसऱ्या राज्यातली गाडी इथं बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला हवा. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची संमतीही. मग महाराष्ट्राचा कर भरा आणि तेलंगणात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी तिकडे अर्ज करा.

परदेशात गाडी न्यायला अनेक देश कार्नेट मागतात. गाडी परत नेण्याची ती हमी. ते समजू शकतं, मध्ये देशाची सीमा असते. इथं तर देश एकच.

2021 पासून बीएच क्रमांक आलाय. राज्य बदललं तरी क्रमांक तोच. पण तो सरकारी नोकरांना, किंवा चार वा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांच्या नोकरांना. रोजंदारीवरच्या मेकॅनिकला नाही.

राज्याला रस्त्यांसाठी कर हवा, हे मान्य. पण पोटासाठी सगळ्यात जास्त फिरणाऱ्यालाच ही सोय का नसावी? निर्वासित बंगाल्यांना सामावून घेणाऱ्या या तालुक्याला तरी हा प्रश्न कळेल.

तोवर एवढंच सांगेन: परतायचं ठरलं की ना हरकत दाखला तिथूनच घेऊन निघा.