रोहिणी हट्टंगडी: रंगमंच ते पडदा

पुण्याच्या रोहिणी ओक दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझींच्या शिस्तीत घडल्या. तिथे अभिनयाबरोबरच प्रकाशयोजना, नेपथ्य, वेशभूषाही शिकावी लागे. नटाचा पाया पक्का होतो तो याच सक्तीमुळे. सहाध्यायी जयदेव हट्टंगडींशी विवाह झाल्यावर मुंबईत प्रायोगिक नाटके आली, त्यांत ‘चांगुणा’ महत्त्वाचे.

रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’त (१९८२) कस्तुरबांचे तारुण्य आणि वार्धक्य दोन्ही त्यांनीच साकारले आणि बाफ्टा पुरस्कार मिळवला. ‘सारांश’मधील (१९८४) मुलगा गमावलेली वृद्ध आई तर त्यांनी तरुण वयातच साकारली! केस पांढरे करून हे साधत नाही. चालणे, थांबणे, आवाजाचा थकवा आतून यावा लागतो. पुढे ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेने त्यांना घरोघरी पोहोचवले.