दादांची पद्मिनी आणि गोमटेशाची वाट



श्रवणबेळगोळहून परत आल्यापासून घरी येणारी प्रत्येकजण दोन प्रश्न विचारते. पहिला, एवढ्या जुन्या गाडीने एवढ्या लांब गेलात कसे? दुसरा जरा दबक्या आवाजात : गाडीच्या चाकाखाली किती जीव जातात, मग हौसेखातर साडेसातशे किलोमीटर जाणं श्रावकाला शोभतं का? पहिल्याचं उत्तर आमच्या फिटरकडे आहे आणि दुसऱ्याचं सासूबाईंकडे. दोघांची उत्तरं एकच निघाली, म्हणून आज लिहायला बसले.

गाडी म्हणजे आमच्या दादांची, माझ्या सासऱ्यांची, १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी. म्हसवडात अजूनही तिला सगळे फियाटच म्हणतात. दादांनी ती १९८६ साली सेकंडहँड घेतली, कारण नव्या गाडीसाठी पैसे भरूनही वर्षानुवर्षं नंबर लागत नसे. दादांना या गाडीचा एक वेगळाच अभिमान होता. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना १९४४ साली केली ती शेठ वालचंद हिराचंद यांनी. वालचंदशेठ १८८२ साली सोलापुरात जन्मले, आपल्याच समाजातले. त्यांचे वडील हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ सुरू केलं. त्यामुळे दादा पाहुण्यांना सांगायचे, “बोधक वाचायचा आणि फियाट चालवायची, दोन्ही एकाच घरातलं!” इटलीच्या फियाट ११०० वरून ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली. सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं, आणि या शतकाच्या सुरुवातीला उत्पादन थांबलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. ती बातमी वाचली तेव्हा आमची पद्मिनी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली धूळ खात उभी होती. दादा जाऊन तिला चार वर्षं झाली होती.

भंगारवाल्याने पंचवीस हजार सांगितले. धाकट्या भाऊजींचं म्हणणं, देऊन टाका, हप्त्यावर नवी छोटी गाडी घ्या. हिशेबाने त्यांचं चूक नव्हतं. ह्यांचं मन मात्र होत नव्हतं. आणि घरात आणखी एक गोष्ट होती, जिचा कुणी उच्चार करत नसे.

२०१८ च्या फेब्रुवारीत गोमटेश्वराचा महामस्तकाभिषेक होता. बारा वर्षांनी येणारा योग. दादा आणि आई याच गाडीने जायचे ठरले होते, आणि आठवडाभर आधी दादांना अर्धांगाचा झटका आला. त्या दिवशी आईंनी नियम घेतला : गोमटेशाचं दर्शन होईपर्यंत गूळ खाणार नाही. संक्रांतीची पोळी, गुळाचा चहा, तिळाचा लाडू, सगळं बंद. दादा गेले, करोना आला, आईंचे गुडघे गेले. पुढचा अभिषेक २०३० ला. तोवर आई ऐंशी ओलांडणार. दर संक्रांतीला मी गुळाच्या पोळ्या लाटायचे आणि आईंच्या ताटात साधी पोळी वाढायचे. तो घास मलाच जड जायचा. आई कधी काही बोलल्या नाहीत. “न्या मला,” असंही म्हणाल्या नाहीत.

शेवटी मीच विषय काढला. रेल्वेने नेता आलं असतं, भाड्याच्या गाडीनेही. पण आईंना दर दीड तासाला पाय मोकळे करावे लागतात, पाणी घरचं लागतं, सूर्यास्ताआधी जेवण व्हावं लागतं. दुसऱ्याच्या वेळापत्रकात हे बसत नाही. आपली गाडी हवी, ही गरज खरी होती. मग ती उभी असलेलीच का नसावी?

आमचे फिटर जुने, दादांच्या वेळचे. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, “ताई, पैसे रंगावर घालायचे का थांबण्यावर?” मला ते वाक्य तेव्हाच आवडलं होतं. त्याचा पुरता अर्थ पुढे रस्त्यावर कळला.

आम्ही सगळे पैसे थांबण्यावर घातले. पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक आणि ब्रेक दाबायला हलका व्हावा म्हणून बूस्टर. मागच्या-पुढच्या सगळ्या सीटना खांद्यावरून येणारे पट्टे. चारही टायर नवे रेडियल. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, आणि दिव्यांची वायरिंग नवी, कारण जुने दिवे रस्त्यापेक्षा स्वतःच्याच काचेवर जास्त उजेड पाडत. रेडिएटर उघडून साफ केला, त्याला विजेवर चालणारा पंखा बसवला. पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलल्या, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने खराब होतं. ते इथेनॉल आपल्याकडच्या उसापासूनही बनतं, म्हणजे आईंनी सोडलेला गूळ एका परीने गाडीच पीत होती! इंजिन मूळचंच ठेवलं, १०८९ सीसीचं. दुसरं इंजिन टाकायचं तर आरटीओची परवानगी, आरसी बुकात नोंद, हे सगळं आलं. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते, ती तेवढी करून घेतली. सीटला चामडं नको, रेक्झिनच हवं, ही माझी अट. स्टिअरिंगचं कव्हरसुद्धा कापडी शिवलं. रंग जुनाच राहिला. दारावरचा ओरखडाही तसाच आहे. तो माझ्या लग्नाच्या वरातीतला!

एवढं सगळं होऊनही एअरबॅग नाही, नव्या गाडीसारखा मजबूत सांगाडा नाही, हे आम्ही विसरलो नाही. म्हणून दोन नियम केले : साठच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही आणि अंधारात गाडी चालवायची नाही.

आईंनी तिसरा नियम घातला. त्या रोज सकाळी णमोकार म्हणून झाल्यावर देशव्रत घेत : आज अमुक गावाच्या पुढे जाणार नाही. मैत्रिणींनो, पाठशाळेत आपण गुणव्रतं पाठ केली, दिग्व्रत, देशव्रत, अनर्थदंडव्रत. प्रवासात त्यांचा इतका रोकडा उपयोग असेल असं मला वाटलं नव्हतं. मुक्काम सकाळीच ठरला की “अजून पन्नास किलोमीटर मारू” हा मोह उरत नाही. घाई गेली की अर्धा धोका गेला.

स्वयंपाकाचीही तशीच मर्यादा. जानेवारी होता, म्हणून पिठाची मर्यादा सात दिवसांची. जाताना घरचं पीठ नेलं, परतीसाठी तिकडेच ताजं दळून घेतलं. पाणी रोज सकाळी गाळून उकळायचं, स्टीलच्या दोन कळशांत भरायचं, चोवीस तास चालतं. खाकरे, दशम्या, शेंगांची बिनलसणाची चटणी, मुगाचे लाडू. आईंचे लाडू साखरेचे.

पहिल्या दिवशी दिघंची, आटपाडी, भिवघाट, तासगाव करत सांगली, आणि पुढे कुंभोजजवळच्या बाहुबलीला मुक्काम. डोंगरावरची २८ फुटी मूर्ती पाहून आई म्हणाल्या, “हा धाकटा. थोरल्याकडे निघालोय.” दुसऱ्या दिवशी निपाणीजवळचा तवंदी घाट. दादांच्या वेळी इथे हमखास इंजिन तापायचं. बॉनेट उघडून तासभर थांबायचं, आणि तोवर स्तवनिधीला पार्श्वनाथांचं दर्शन करून यायचं. तापलेलं पाणी जमिनीवर सांडून जीव मरू नयेत म्हणून आई तेव्हाही भांडं धरून उभ्या राहत. यंदा काटा मध्यावरून हलला नाही. तरी स्तवनिधीला थांबलोच. गाडी तापली नाही म्हणून देवदर्शन चुकवायचं हे काही बरं नाही!

बेळगाव, धारवाड करत संध्याकाळी पाचच्या आत हुबळीपुढच्या वरूरला पोचलो. तिथल्या नवग्रह तीर्थावर पार्श्वनाथांची ६१ फुटी मूर्ती आहे. तिसरा मुक्काम दावणगेरे. महामार्गावर ट्रक, बस, मोठ्या गाड्या आम्हाला ओलांडून जात होत्या. काहीजण काच खाली करून अंगठा दाखवत. आम्ही डाव्या कडेने आमचे आपले साठने.

चौथ्या दिवशी हिरियूरला महामार्ग सोडला आणि हुळियारच्या रस्त्याला लागलो. इथे गाडी मी घेतली. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गियर मला दादांनीच शिकवला होता. रस्ता अरुंद, दोन्हीकडे नारळ आणि झुडपं. आमच्या माणदेशासारखंच मेंढरांचं राज्य. एका वळणावर झुडपातून एकदम कळप आडवा आला. आधी दोन कोकरं, मागे सगळी मेंढरं. मी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, न घसरता, थांबली. पुढचं कोकरू बंपरपासून दोन हातांवर उभं राहून आमच्याकडे बघत होतं. मागच्या सीटवर आई पट्ट्यात होत्या, म्हणून जागच्या हलल्या नाहीत. धनगर हात वर करून हसला, कळप गेला.

माझे हात थरथरत होते. आई शांतपणे म्हणाल्या, “महाराज चार हात जमीन बघून पाऊल टाकतात. तुला चाळीस हात लागले, पण तू बघितलंस. जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं, म्हणजे झालं.”

ईर्यासमितीचा इतका सोपा अर्थ मला कुणी सांगितला नव्हता. मुनी वाहनात बसतच नाहीत, कारण पायी चालणाराच चार हातांत थांबू शकतो. आपण गृहस्थ. आपल्याकडून हिंसा पूर्ण सुटत नाही, ती कमी करणं एवढंच हातात. ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास सतरा मीटर जाते. त्या सतरा मीटरमध्ये काय आहे ते दिसलं पाहिजे, आणि दिसल्यावर थांबता आलं पाहिजे. फिटरने विचारलं होतं तेही हेच. जुन्या गाडीला नवं काय बसवायचं, तर आधी थांबण्याची ताकद. दादांच्या वेळचा ब्रेक असता तर ते कोकरू वाचलं असतं का, हा विचार मी अजून पुरता करू शकत नाही.

त्या संध्याकाळी तिपटूर, चन्नरायपट्टण करत पोचलो. विंध्यगिरीचं ते मस्तक दुरूनच दिसू लागतं. आईंनी गाडीतूनच हात जोडले, पण नियम सोडला नाही. “पायाशी जाऊन,” म्हणाल्या.

डोंगरावर खडकात कोरलेल्या सहाशेहून जास्त पायऱ्या. अनवाणी चढायचं. डोलीवाले पुढे आले, तर आई म्हणाल्या, “आयुष्यात कुणाच्या खांद्यावर बसले नाही. एकदाच बसायचं असतं, त्याला अवकाश आहे.” पहाटे निघालो. दहा पायऱ्या, बसणं, पुन्हा दहा. पावणेतीन तास लागले. वर सुमारे ५७ फुटांचे ते बाहुबली, अंगावर वेली, पायाशी वारुळं, आणि चेहऱ्यावर ते हसू. पायाशेजारच्या दगडावर मराठीतल्या फार जुन्या लेखांपैकी एक लेख आहे, चावुंडरायाने ही मूर्ती करवली असं सांगणारा. मुलाने तो आजीला दाखवला. एवढ्या लांब, कानडी मुलखात, आपली भाषा देवाच्या पायाशी!

मूर्ती इसवी सन ९८१ च्या सुमाराची. गंग राजांचा मंत्री चावुंडराय, त्याची आई काललदेवी. कथा अशी की बाहुबलींचं दर्शन होईपर्यंत दूध घेणार नाही असा तिने नियम घेतला होता, आणि मुलगा तिला घेऊन निघाला. ही कथा मी लहानपणापासून ऐकली आहे. त्या दिवशी ह्यांनी आईंचा हात धरून शेवटच्या पायऱ्या चढवल्या तेव्हा ती मला पहिल्यांदा समजली. घरातल्या बाईचा नियम तिचा एकटीचा नसतो. तो पुरा करायला सगळं घर रस्त्यावर उतरावं लागतं.

खाली आल्यावर आईंनी पारणं केलं. मी घरून गुळाचा खडा नेला होता. त्यांनी तो चार तुकड्यांत तोडला, आधी नातवाला दिला, मग ह्यांना, मग मला, आणि शेवटी स्वतः तोंडात घातला. सात वर्षांनी. “गोड आहे,” एवढंच म्हणाल्या.

हौसेखातर गेलात का, या प्रश्नाचं उत्तर आता देते. निष्कारण भटकणं हा अनर्थदंड, हे मला मान्य आहे. आणि जुन्या वस्तूत जीव अडकला तर तोही परिग्रह, कारण परिग्रह वस्तूत नसतो, आसक्तीत असतो. म्हणून परत आल्यावर आम्ही ठरवलं, गाडी घरी राहील, पण देव्हाऱ्यात नाही. कामाला लागली तर काढायची, गावात कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर द्यायची. आणि ज्या दिवशी तिला नीट थांबता येणार नाही, त्या दिवशी न रडता सोडायची.

तुमच्यापैकी कुणी जुनी गाडी काढून तीर्थाला जाणार असाल तर माझं एवढंच सांगणं : रंग राहू द्या, आधी ब्रेक, टायर, पट्टे आणि दिवे बघा. मुक्काम सकाळी ठरवा आणि पाचला थांबा. पाणी घरचं न्या. आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईने काय सोडलंय ते एकदा विचारा. ती आपणहून सांगणार नाही.

यंदाच्या संक्रांतीला मी पोळ्या लाटल्या. सगळ्या गुळाच्या.

जय जिनेंद्र.