चिखलातील क्रमांक

उत्तर लंडनमध्ये ॲलेक्झांड्रा पॅलेसच्या टेकडीवर येत्या शनिवारी मेट्रोपॉलिटन लीगची क्रॉस कंट्री फेरी व्हावयाची आहे, आणि माझी साठी उलटली असली तरी क्लबच्या यादीत माझे नाव यथापूर्व दाखल झाले आहे. साताऱ्यात माझे बालपण गेले, तेथे धावणे म्हणजे पोलीस किंवा लष्करभरतीची पूर्वतयारी अशीच सार्वत्रिक समजूत असल्यामुळे, पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढावर भेटणारा प्रत्येक गृहस्थ कोणत्या भरतीला उभा आहेस अशी चौकशी करी, आणि निव्वळ हौसेखातर धावतो या माझ्या जबानीवर कोणाचाही विश्वास बसत नसे. नोकरीनिमित्त इकडे आल्यावर मात्र बँकेतले कारकून, शिक्षक, नळ दुरुस्त करणारे असे शेकडो लोक ऐन थंडीत, अर्ध्या चड्डीवर, कोणताही लाभ नसताना चिखल तुडवीत धावताना पाहिले, तेव्हा आपल्या हौसेला एक संपूर्ण जात आहे याचा मला विलक्षण दिलासा वाटला.

चिखलाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. उत्तर लंडनच्या जमिनीखाली चिकण मातीचा जाड थर आहे. त्यातून पाणी झिरपत नाही, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत उतारावरील गवत शेकडो पावलांखाली पार नाहीसे होते आणि पावसाळ्यातल्या काळ्या रानाप्रमाणे प्रत्येक पाऊल ओढून काढावे लागते. म्हणून आदल्या रात्री बुटांचे आखूड खिळे किल्लीने काढून तेथे १५ मिलिमीटरचे बसवायचे, आट्यांत अडकलेली मागच्या फेरीची वाळलेली माती सुईने टोकरायची, नाडीला दुहेरी गाठ मारायची. तारुण्यापासून चालत आलेला हा विधी मला प्रत्यक्ष धावण्याइतकाच प्रिय आहे.

अलीकडे शर्यतीपूर्वी वाटेवर निशाणे रोवण्याचे कामही माझ्याकडे आले आहे. ते करताना १८७६ साली एपिंगच्या अरण्यात योजिलेल्या पहिल्या राष्ट्रीय शर्यतीची हकीकत मला हटकून आठवते. सर्व ३२ स्पर्धक वाट चुकल्याने ती शर्यतच रद्दबातल ठरवावी लागली. पुढे १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भर जुलैच्या रणरणत्या उन्हात ३८ जण धावले, केवळ १५ शेवटपर्यंत पोहोचले, पावो नुर्मी जिंकला, आणि ऑलिंपिकमधून हा प्रकार कायमचा बाद झाला. हिवाळ्याचा खेळ उन्हाळ्यात खेळविण्याचा हा परिणाम, असे माझे स्पष्ट मत आहे.

सडकेवरील शर्यतीत मनुष्य घड्याळाशी झगडतो. येथे वाट, वारा आणि चिखल दर फेरीला निराळे, त्यामुळे वेळेला किंमत नाही. किंमत क्रमांकाला, आणि तोही एकट्याचा नव्हे. राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांच्या संघातील पहिल्या सहांच्या क्रमांकांची बेरीज होते आणि जिची बेरीज सर्वांत लहान ती तुकडी जिंकते. तेव्हा संघातल्या सहाव्या गड्याने अखेरच्या चढावर दोघांना मागे टाकले तर त्याचे मोल विजेत्याच्या शौर्याहून रतिभरही कमी नसते. इतकेच नव्हे, तर ज्यांची गणना होत नाही असे गडीही प्रतिस्पर्ध्याच्या पुढे राहून त्याचा क्रमांक खाली ढकलीत असतात. तरुणपणी मी गणनेत येत असे, मध्यमवयात ढकलण्याचे काम निष्ठेने केले. आता माझ्या मागे फारसे कोणी उरत नसल्याने तीही सेवा जवळजवळ समाप्त झाली आहे. तथापि शेवटच्या माणसासाठीही वाटेवरचे लोक नावाने ओरडतात, आणि दोरांच्या चिंचोळ्या गल्लीतून बाहेर पडल्यावर त्यालाही पहिल्याइतकाच मोठा केकचा तुकडा मिळतो, ही या खेळाच्या कारभारातील मला सर्वाधिक मान्य असलेली तजवीज होय.

लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे की शनिवारी धावण्यास नाही तरी ओरडण्यास अवश्य यावे. टेकडीच्या पायथ्याशी त्याच नावाचे रेल्वे स्थानक आहे. बूट मात्र जुने घालावेत.